पंखा कुठल्या पिनला आहे, हे लिनक्सला कोण सांगणार?

लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला गेलात, तर शेजारच्या सहा नंबरच्या लेण्यातही डोकवा. या चैत्यगृहात ब्राह्मी लिपीत दानाची नोंद कोरली आहे. कल्याणच्या सुलसदत्ताने हे लेणं दिलं, हे आज आपल्याला कळतं ते त्या ओळीमुळेच. दगड स्वतःहून बोलत नाही ना!

हार्डवेअरचंही तसंच आहे. पेनड्राइव्ह लावला की तो आपली ओळख स्वतःच देतो. पण रास्पबेरी पायसारख्या बोर्डला जोडलेला पंखा गप्प असतो. त्याचा वेग ठरतो पीडब्ल्यूएम, म्हणजे पल्स विड्थ मॉड्युलेशनने. करंट झपाट्याने चालू-बंद करायचा. चालू वेळ जास्त, तर वेगही जास्त. आता हा पंखा कुठे जोडलाय, हे लिनक्सला कसं कळणार? त्यासाठी असते डिव्हाइस ट्री. हा प्रोग्रॅम नाही, बोर्डवर काय काय आहे याची यादी आहे. बोर्ड सुरू होताना ती कर्नलच्या हातात पडते.

पंख्यासाठी तिथे चार गोष्टी लिहायच्या: पीडब्ल्यूएम कंट्रोलर कोणता, त्याचं चॅनल कितवं, एका आवर्तनाचा वेळ किती आणि पोलॅरिटी सुलटी की उलटी. वेळ नॅनोसेकंदांत द्यायचा. कॉम्प्युटरच्या चार वायरच्या पंख्याला २५ किलोहर्ट्झ लागतात, म्हणजे ४०,०००. रोबोच्या साध्या सर्व्हो मोटरला ५० हर्ट्झ, म्हणजे थेट २ कोटी! एखादं शून्य राहिलं, की मोटर नुसती थरथरते.

पोलॅरिटी चुकली तर आणखी गंमत. मध्ये लावलेल्या ट्रान्झिस्टरमुळे सिग्नल उलटला आणि ते लिहायचं राहिलं, तर बोर्ड थंड असताना पंखा सुसाट आणि तापल्यावर बंद. कोडमध्ये कितीही शोधा, चूक सापडायची नाही, कारण ती यादीत असते.

याच जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही महादुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपतात. पीडब्ल्यूएमच्या झटपट चालू-बंद होण्यातून रेडिओ गोंगाट निघतो, त्यामुळे अशा ठिकाणी तो मोठी डोकेदुखी ठरू शकतो. यादीतला आकडा बदलून तो पूर्ण जात नाही. वायर आखूड ठेवायची, फिल्टर लावायचा, सर्किट धातूच्या डब्यात बसवायचं.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, फेब्रुवारीच्या शेवटी, खोडदला प्रदर्शन भरतं. शाळा-कॉलेजचे प्रोजेक्ट तिथे मांडले जातात. तुमचाही न्यायचा विचार असेल, तर डिव्हाइस ट्रीची फाइल आणि कोणती वायर कुठे जाते याचं पान प्रोजेक्टसोबतच ठेवा. व्हायवाला तर उपयोग होईलच. शिवाय पुढच्या वर्षी ज्युनिअर्सच्या हातात नुसता वायरींचा गुंता पडणार नाही, चालणारा प्रोजेक्ट पडेल.