कन्हानवरून जाणाऱ्या १४,४०० गाड्या

चला, नागपूर जिल्ह्याच्या पारशिवनी तालुक्यातल्या कन्हान स्टेशनवर उभे राहू. मुंबई-हावडा मार्ग इथूनच जातो. आता एक आकडा घ्या: २ कोटी १६ लाख. जगात इतक्या मुलांना पॅलिएटिव्ह केअरची गरज आहे, असा २०१७ सालचा अंदाज. कॅन्सर, सिकलसेल, जन्मजात हृदयरोग, मेंदूचे विकार... आजार बरा होवो न होवो, पोराचं दुखणं थांबावं, त्याला शांत झोप लागावी, आईबापाला कुणीतरी सावरावं, यासाठीची ही सेवा.

२ कोटी १६ लाख! तोंडाने म्हणून होतं, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. म्हणून या मुलांना रेल्वेत बसवू. एका गाडीत १,५०० मुलं. गाड्या लागतील १४,४००! दर पाच मिनिटांनी एक गाडी कन्हानवरून सोडा. तासाला बारा. दिवसाला २८८. रात्रीही थांबायचं नाही. आठवडा गेला, महिना गेला, गाड्या येतच आहेत. शेवटचा डबा नजरेआड होईल तेव्हा तब्बल पन्नास दिवस उलटलेले असतील. एक गाडी साधारण साडेपाचशे मीटरची. सगळ्या एकीमागे एक उभ्या केल्या, तर १,९६८ किलोमीटरचा मुंबई-हावडा मार्ग एकदा नाही, दोनदा नाही, चार वेळा भरेल!

आणि यातल्या श्रीमंत देशांच्या गाड्या किती? जागतिक आरोग्य संघटना सांगते, अशी ९८ टक्के मुलं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत. म्हणजे ४९ दिवस आपल्यासारख्या देशांच्या गाड्या धडधडत जातील, आणि श्रीमंत देशांच्या सगळ्या गाड्या उरलेल्या एका दिवसात संपतील. संशोधन मात्र बहुतेक सगळं त्या एका दिवसातल्या मुलांवर झालेलं!

मग आधी कशावर संशोधन करायचं? मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हा प्रश्न देशोदेशींच्या, या मुलांसाठी काम करणाऱ्या लोकांनाच विचारला, आलेल्या उत्तरांना त्यांच्याकडूनच क्रम लावून घेतला आणि २०१५ साली यादी छापली. त्या अभ्यासात परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. मेरी ॲन मुकाडन होत्या. पहिला प्रश्न: मुलाला मृत्यू कसा उमगतो? दुसरा: जिथे मॉर्फिन मिळतच नाही, तिथे मुलाची वेदना कशी आवरायची?

दुसरा प्रश्न पुन्हा वाचा. मॉर्फिन मिळतच नाही! हे केवढं खरं आहे, ते क्विंटलमध्ये बघू. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०१७ सालच्या हिशोबाने मॉर्फिन आणि त्याच जातीची औषधं जगात वर्षाला २,९८५ क्विंटल वाटली जात होती. त्यातली सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला? एक क्विंटल. फक्त एक!

त्याच हिशोबात भारतात गरजू रुग्णामागे वर्षाला ४३ मिलिग्रॅम येत होतं. दहा मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. अमेरिकेत साडेपाच हजार गोळ्या! आपल्या चार गोळ्या म्हणजे गरजेच्या जेमतेम ४ टक्के. मुंबई-पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. त्याचे ४ टक्के म्हणजे सुमारे पावणेआठ किलोमीटर. गाडी सीएसएमटीहून सुटली आणि परळपाशीच थांबली. अमेरिकेची गाडी पुणं गाठून थांबतच नाही, तेच अंतर एकतीस वेळा कापते. (तिकडच्या वारेमाप वापराने व्यसनाची साथ आली, तो कित्ता गिरवायचा नाही. पण परळपाशी थांबणं हा काही त्यावरचा उपाय नव्हे.)

बरं, मॉर्फिन बनतं अफूपासून, आणि अफू आपल्याच नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने पिकते. तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर देशातला मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ साली अख्ख्या देशात १८ किलो! गोळ्या केल्या तर अठरा लाख. म्हणजे पाचशेहून अधिक माणसांमागे वर्षाला एक गोळी. फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने कायदा सैल केला. त्याच महिन्यात मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरची जागतिक परिषद मुंबईत भरली होती.

आता पुन्हा विदर्भात या. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच लॅन्सेटमध्ये केली होती. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. ७ कोटी म्हणजे २०११ च्या जनगणनेतला आपला अख्खा नागपूर जिल्हा पंधरा वेळा! पण तपासणीत आजार कळतो, दुखणं राहतंच. सिकलसेलच्या तान्ह्या बाळाचे हात-पाय सुजतात, नुसता स्पर्श झाला तरी ते किंचाळतं. थोड्या मोठ्या मुलापुढे सहा चेहऱ्यांचं कार्ड धरतात, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत. किती दुखतंय, ते पोर बोट ठेवून दाखवतं. बोट शेवटच्या चेहऱ्यावर पडल्यापासून औषध पोटात जाईपर्यंत किती मिनिटं जातात? रात्री दोन वाजता, तालुक्याच्या गावी? माझ्या मते विदर्भाच्या यादीत हा प्रश्न सगळ्यांत वर हवा, आणि त्याचं उत्तर नागपुरात बसून नाही, पारशिवनीत घड्याळ लावूनच मिळेल.

२०१५ च्या यादीत तिसरा क्रमांक होता निधीचा. तर शेवटचा आकडा पैशाचा. सर्वांत गरीब देशांतल्या पंधरा वर्षांखालच्या सगळ्या, हो सगळ्या, गंभीर आजारी मुलांच्या वेदनेवरच्या औषधाला वर्षाला किती लागतील? लॅन्सेट आयोग म्हणतो, दहा लाख डॉलर. साधारण साडेआठ कोटी रुपये. आपला नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, खर्च सुमारे ५५ हजार कोटी. म्हणजे किलोमीटरला अठ्ठ्याहत्तर कोटी. साडेआठ कोटींत त्याचा तुकडा होतो जेमतेम एकशे आठ मीटरचा. ताशी १२० किलोमीटरने निघालेली गाडी तो सव्वातीन सेकंदांत मागे टाकते!