परदेशातील वैद्यकीचा परवाना

पुसद, वणी, दारव्हा येथील तरुण वैद्यांत परदेशगमनाची आकांक्षा दिसते. मात्र आपल्या भारतातील नोंदणीचा अधिकार देशाच्या सीमेपाशी संपतो, हे मध्यस्थ सांगत नाहीत.

दुबईत आयुर्वेदास स्वतंत्र परवाना आहे व तो तेथील आरोग्य प्राधिकरण देते. पदवी आणि अनुभव यांची पडताळणी थेट मूळ संस्थेकडे होते. अनुभवाचे दाखले तारखांसह आजच घेऊन ठेवावेत. दवाखाना बंद पडल्यावर उत्तर कोण देणार?

ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत बी.ए.एम.एस. पदवीस स्थान नाही. तेथे नोंदणीकृत डॉक्टर असल्याचे भासविणे हा गुन्हा आहे. स्वित्झर्लंडने २०१५ मध्ये आयुर्वेदासह राष्ट्रीय परीक्षा मान्य केली, परंतु मिळणारी उपाधी निसर्गोपचारकाची! तेव्हा पैसे भरण्यापूर्वी परवान्यावर कोणती उपाधी असेल, हे लेखी मागावे.

औषधनिर्मात्यांची वाटही सोपी नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार पारंपरिक वनौषधीच्या सुलभ नोंदणीसाठी ३० वर्षांचा वापर, व त्यांपैकी सामान्यतः १५ वर्षांचा संघातील वापर, सिद्ध करावा लागतो. रसकल्पांना तर तो मार्गच खुला नाही.