वाघ मोजतात कसे? तळ्यातल्या माशांपासून म्हादईच्या रानापर्यंतचा हिशोब

व्याघ्रगणनेचा आकडा जाहीर झाला की खानापूर, जोयडा, सत्तरी भागात एक प्रश्न ठरलेला असतो : "एवढ्या रानात जाऊन वाघ मोजले कुणी?" प्रश्न रास्त आहे. रानात रोज गुरे घेऊन जाणाऱ्या माणसालाही वर्षानुवर्षे वाघ दिसत नाही. खरे सांगायचे तर देशातले सगळे वाघ कुणी एकेक करून मोजत नाही. काही वाघ ओळखले जातात आणि त्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधला जातो. तो कसा बांधतात हे कळले, की आकड्यावर कितपत भरवसा ठेवायचा तेही कळते.

आधी गावचे तळे घेऊ. त्यात मासे किती? तळे उपसायचे नसेल तर एक युक्ती आहे. जाळे टाकून ५० मासे पकडायचे, प्रत्येकाच्या परावर छोटी खूण करायची आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. चार दिवसांनी परत जाळे टाकायचे. समजा ४० मासे आले आणि त्यातल्या १० जणांवर खूण निघाली. म्हणजे चारात एक खुणेचा. मग तळ्यातही चारात एकच खुणेचा असणार. खुणा केलेले ५०, तेव्हा एकूण मासे साधारण २००. झाला हिशोब. याला 'मार्क-रिकॅप्चर' म्हणतात, म्हणजे खूण करा, सोडा, पुन्हा पकडा. डेन्मार्कचे पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माशांवर अशा खुणा केल्या, तर अमेरिकेत लिंकन यांनी १९३० मध्ये रानबदकांच्या पायात कडी घालून त्यांचा अंदाज काढला. सूत्राला आजही या दोघांचे नाव आहे.

हिशोब सोपा, पण अटी कडक. मधल्या दिवसांत तळ्यात नवे मासे येता कामा नयेत, जुने जाता कामा नयेत. खूण पुसली जाऊ नये. आणि सगळ्यात नाजूक अट अशी की एकदा पकडलेला मासा जाळ्याला बिचकू नये. तो बिचकला तर दुसऱ्या खेपेला खुणेचे मासे कमी येतात आणि उत्तर फुगते. ४० मध्ये १० ऐवजी ५ च आले, तर त्याच तळ्यात २०० चे ४०० मासे 'होतात'. उलट, आमिषाला चटावलेले तेच ते मासे परत आले तर आकडा घसरतो. गोदामातला थोडा माल तपासून सगळ्या साठ्याचा ताळा करणाऱ्या ऑडिटरला ही भीती चांगली माहीत असते. नमुना चुकला की पुढची बेरीज कितीही बरोबर असो, उपयोग नाही.

वाघाला पकडून खूण करायची गरज पडत नाही, ती तो जन्मतःच घेऊन येतो. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. डॉ. उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत हाच धागा पकडला. रानवाटेवर कॅमेरे लावायचे, वाघ समोरून गेला की फोटो निघणार. पहिला फोटो म्हणजे 'खूण', पुढचा म्हणजे 'पुन्हा पकडला'. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. एकच बाजू मिळाली तर एका वाघाचे दोन वाघ व्हायचे!

त्याआधी देशभर पायाचे ठसे घेऊन गणना चाले. ठशावर काच ठेवून आकृती काढायची आणि हा अमुक वाघ, तो तमुक, असे अनुभवाने ठरवायचे. माती ओली की कोरडी यावर ठसा बदलतो, हे कुणाच्या हिशोबात नव्हते. त्याची किंमत राजस्थानात मोजावी लागली. सरिस्कात कागदावर वाघ होते, आणि २००५ मध्ये लक्षात आले की रानात एकही उरलेला नाही. त्यानंतर पद्धत बदलली. २००६ च्या नव्या अंदाजात देशात १,४११ वाघ निघाले.

२०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले, त्यात वाघांचे ७६,६५१. पट्टे जुळवून वेगवेगळे २,४६१ वाघ ओळखले गेले, पण जाहीर झालेला आकडा होता २,९६७. मधले पाचशे कॅमेऱ्यापुढे न आलेले, गणिताने धरलेले. म्हणून अहवालात २,६०३ ते ३,३४६ अशी मर्यादाही दिलेली असते. बातमीत ती क्वचितच येते. २०२२ च्या गणनेबाबत तर आधी किमान ३,१६७ आणि काही महिन्यांनी सरासरी ३,६८२ असे दोन आकडे आले, तेव्हा अनेकांना गडबड वाटली. गडबड नव्हती, एक आकडा किमान होता आणि दुसरा सरासरी. सांबर, गवा यांच्या अंगावर अशी ओळख नसते, त्यांच्यासाठी वेगळ्या पद्धती आहेत. बिबट्या मात्र ठिपक्यांवरून ओळखता येतो.

आता आपल्या भागाकडे. भीमगड, म्हादई, काळी, तिळारी हे एकच सलग रान, राज्ये तीन. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात २०१८ मध्ये कॅमेऱ्यात आलेला एक वाघ २०२० मध्ये काळी व्याघ्र प्रकल्पात सापडला. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर दोनशे किलोमीटरच्या वर जाते. दोन्हीकडचे फोटो ताडून पाहिले नसते तर तो महाराष्ट्राच्या खात्यात एक आणि कर्नाटकाच्या खात्यात एक असा दोनदा जमा झाला असता.

गोव्यात याच मुद्द्यावर वाद पेटलेला आहे. २०२२ च्या गणनेत गोव्याच्या नावावर ५ वाघ आहेत. ते इथले रहिवासी नाहीत, कर्नाटकातून येतात आणि जातात, असा युक्तिवाद व्याघ्र प्रकल्पाला विरोध करताना होत आला आहे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावली परिसरात एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले विषबाधेने मेली. पिल्लांसह राहणारी वाघीण वाटसरू कशी, याचे समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितले, त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

रहिवासी की वाटसरू, हे भाषणांनी ठरत नाही. तेच पट्टे त्याच रानात वर्षामागून वर्षे पुन्हा दिसले तर तो वाघ तिथला, एकदाच दिसून गेला तर पाहुणा. मात्र त्यासाठी चार वर्षांतून एकदा कॅमेरे लावून भागणार नाही. ते दरवर्षी, हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच हंगामात लागले पाहिजेत, आणि भीमगडचा फोटो म्हादईच्या फोटोशेजारी ठेवून पाहिला पाहिजे.