हौशी रंगमंचासाठी रंग बदलणारे दिवे : निवड आणि वापर

नाट्यसंहिता वाचताना आपले सारे लक्ष संवादांकडे असते. कंसातल्या रंगसूचनांवरून मात्र नजर झरझर पुढे सरकते. प्रकाश मंदावतो, अंधार होतो, फक्त एका पात्रावर उजेड राहतो, ही वाक्ये परीक्षेच्या दृष्टीने बिनमहत्त्वाची वाटतात. पण तुमच्यापैकी कितीतरी जण दिवसा शिक्षक, ग्रंथपाल किंवा बँकेतले कर्मचारी असतात. स्नेहसंमेलन आले की ‘तुम्ही मराठीचे, तेव्हा नाटक तुम्हीच बसवा’ अशी जबाबदारी त्यांच्यावर येते. त्या दिवशी कंसातली ती वाक्ये वाचून भागत नाही, त्यांची तजवीज करावी लागते, आणि हाताशी निधी असतो तुटपुंजा. या विभागात आपण रंग बदलणाऱ्या एलईडी दिव्यांचा विचार याच व्यावहारिक अंगाने करणार आहोत.

प्रथम एक परिचित उदाहरण घेऊ. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. बेणारेबाईंची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. बेणारेच्या दीर्घ स्वगताच्या वेळी प्रकाश बदलतो आणि इतर पात्रे आहेत त्या स्थितीत गोठतात. नाटकाच्या अखेरीस सामंत आपल्याजवळचा हिरवा कापडी पोपट तिच्यापुढे ठेवतो आणि निघून जातो. आता असे समजा की, तुमच्या हौशी संघाने हा शेवट ‘परिणामकारक’ करण्यासाठी सगळा रंगमंच लाल केला. काय होईल? हिरवे कापड लाल प्रकाशात जवळजवळ काळे दिसते, कारण परावर्तित करण्यासाठी त्याला हिरवा प्रकाशच मिळत नाही. प्रेक्षकाला पोपट दिसणार नाही. दिसेल एक काळे गाठोडे. लेखकाने नेमका निवडलेला रंग दिव्याच्या एका बटणाने पुसला जाईल. तेव्हा दिवे विकत घेताना किंवा भाड्याने आणताना पहिला प्रश्न ‘किती रंग निघतात?’ हा नसतो. ‘या प्रकाशात माणसाचा चेहरा आणि आमचे कपडे कसे दिसतात?’ हा प्रश्न आधी विचारायचा.

रंग तयार कसा होतो?

जुन्या पार दिव्यात हजार वॅटचा बल्ब असे आणि त्यापुढे रंगीत जिलेटिन लावले जाई. तारेच्या तापण्यातून निघणाऱ्या प्रकाशात सर्व रंग सलग असतात. जिलेटिन त्यांतले नको ते अडवते. एलईडी दिव्याची रीत उलटी आहे. त्यात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे स्वतंत्र डायोड असतात व त्यांची बेरीज करून हवा तो रंग मिळवला जातो. तिन्ही पूर्ण पेटवले की पांढरा दिसतो. परंतु तो डोळ्याची फसगत करणारा पांढरा असतो. लाल आणि हिरव्याच्या मधला पिवळा-नारिंगी पट्टा त्यात फारच तोकडा असतो, आणि आपल्या त्वचेची ऊब, हळदीचा पिवळा, शेंदरी, जर हे सारे याच पट्ट्यात राहते. म्हणून केवळ तीन रंगांच्या दिव्याखाली उजळ माणूस आजारी दिसतो, सावळा राखाडी दिसतो आणि नवरीची हळद हिरवट दिसते.

यावर उपाय असा की, निदान चौथा, पांढरा डायोड असलेला दिवा निवडावा. त्याच्या जोडीला अंबर असल्यास अधिक उत्तम. दुकानदार ‘एक कोटी साठ लाख रंग’ असे सांगतो. तो हिशेब खोटा नसतो. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, असे तीन रंग, त्यांचा गुणाकार तेवढा होतो. पण त्या कोटींमध्ये आईच्या चेहऱ्याचा रंग नसेल तर ते कोटी आपल्या काय कामाचे?

दुकानात जाताना सोबत हळदी रंगाच्या कापडाचा तुकडा न्यावा. दिवा पांढऱ्यावर ठेवायला सांगावे आणि त्याखाली ते कापड व स्वतःचा तळहात धरून पाहावा. मग भिंतीसमोर हात धरून सावली पाहावी. स्वस्त दिव्यात प्रत्येक रंगाचे डायोड वेगवेगळ्या भिंगाखाली असतात, त्यामुळे सावलीला लाल, हिरवी, निळी अशी किनार पडते. चारही रंग एकाच भिंगाखाली असलेल्या दिव्यात ही किनार जवळजवळ नसते. नाचाच्या कार्यक्रमात किनार खपून जाते, कोणी तिला शोभाही म्हणेल. गंभीर प्रसंगात मात्र नटाच्या नाकाखाली हिरवी रेघ उमटते.

दुसरी कसोटी अंधाराची आहे. दिवा शून्यापासून अगदी सावकाश वाढवत न्यावा. हलक्या प्रतीचा दिवा पहिल्या काही पायऱ्यांवर पेटतच नाही आणि मग एकदम झटका देऊन उजळतो. विझतानाही तसेच. नाटकातला हळूहळू होणारा अंधार नेमका याच खालच्या पायऱ्यांवर घडत असतो, त्यामुळे हा दोष नाटकवाल्यांनी अजिबात चालवून घेऊ नये. तारेचा बल्ब मंद करताना आपोआप तांबूस होत जाई. एलईडी तसा होत नाही. म्हणून सूर्यास्त दाखवायचा असेल तर आधी निळा, मग हिरवा अशा क्रमाने आपल्या हाताने उतरवावा लागतो. याच वेळी मोबाइलच्या कॅमेऱ्यातूनही दिव्याकडे पाहून घ्यावे. पडद्यावर काळे पट्टे सरकत असतील तर पालकांनी केलेल्या प्रत्येक चित्रणात ते येतील. दिव्याच्या पंख्याचा आवाजही ऐकावा. लहान सभागृहात आठ पंख्यांची घरघर कुजबुजीचा संवाद गिळून टाकते.

किती दिवे आणि कोणत्या कोनाचे?

दिव्यावर ‘३ वॅटचे ५४ डायोड’ असे लिहिलेले असते आणि आपण मनात १६२ वॅट असा गुणाकार करतो. तो आकडा डायोडच्या कमाल क्षमतेचा असतो. दिवा प्रत्यक्षात किती वीज घेतो हे मागच्या पट्टीवर पाहावे, बहुधा ते कमीच असते. तरीही वॅटपेक्षा किरणांचा कोन अधिक महत्त्वाचा आहे. १५ फुटांवरून २५ अंशांचा दिवा सुमारे साडेसहा फुटांचे वर्तुळ उजळतो आणि ४० अंशांचा सुमारे ११ फुटांचे. दुसऱ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ जवळजवळ पावणेतीन पट असल्याने तेवढाच प्रकाश तिथे विरळ होतो. अंतर दुप्पट केले तर तेज चौथाईवर येते. म्हणूनच दुकानात डोळे दिपवणारा दिवा सभागृहात मागच्या भिंतीवरून लावला की केविलवाणा वाटतो.

समजा, तुमच्या शाळेचा मंच २४ फूट रुंद आहे. त्याचे आठ-आठ फुटांचे तीन भाग करावेत. अमेरिकन प्रकाशयोजनाकार स्टॅनली मॅककँडलेस यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत आजही उपयोगी पडते. प्रत्येक भागावर समोरून दोन दिवे, एक डाव्या तर एक उजव्या बाजूने, साधारण ४५ अंशांच्या उंचीवरून टाकावेत. एक उबदार छटेचा ठेवावा, दुसरा शीतल. चेहऱ्याला त्यामुळे गोलाई येते. असे सहा दिवे समोरून झाले.

हे सहाही दिवे रंग बदलणारेच हवेत, असे मुळीच नाही. किंबहुना ते नसावेत असे माझे मत आहे. समोरून उबदार-शीतल पांढरा देणारे साधे पार दिवे घ्यावेत आणि रंग बदलणारे दोन किंवा चार दिवे मागून व विंगेतून लावावेत. रंग खांद्यांवर, केसांवर आणि मागच्या पडद्यावर पडावा. चेहरा माणसाचा राहावा. पैसेही वाचतात. खरेदी समितीला हे पटवणे कठीण जाते, कारण भडक रंग लगेच नजरेत भरतो.

विजेच्या बाबतीत एलईडीने हौशी संघांवर खरोखर उपकार केले आहेत. हजार वॅटचे आठ दिवे २३० व्होल्टवर सुमारे ३५ अँपिअर घेत. शाळेच्या वायरिंगला ते झेपत नसे आणि जनित्र आणावे लागे. शंभर वॅटचे आठ एलईडी साडेतीन अँपिअरमध्ये चालतात. मात्र हे दिवे जुन्या डिमरला कधीही जोडू नयेत, त्यांना सरळ वीज द्यावी. तीन पिनांची, अर्थिंग असलेली जोडणी आणि टांगलेल्या प्रत्येक दिव्याला वेगळी सुरक्षासाखळी, या दोन गोष्टींत काटकसर नको. खाली मुले उभी असतात.

दिवा कोणाच्या हुकमतीत?

काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी एक एकांकिका पाहत होतो. मुलगी आईच्या उशाशी बसली होती, सभागृह स्तब्ध होते. इतक्यात प्रेक्षकांतले एक तान्हे मूल रडले आणि रंगमंच गुलाबीचा हिरवा, हिरव्याचा जांभळा झाला. दिवे आवाजावर चालणाऱ्या पद्धतीत सोडलेले होते. लोक हसले. ती मुलगी संवाद विसरली नाही, पण तिचे ओठ थरथरत होते हे मला पाचव्या रांगेतून दिसले. महिनाभराची तिची तालीम एका चुकीच्या बटणापायी वाया गेली. आपोआप रंग बदलणाऱ्या आणि आवाजावर चालणाऱ्या पद्धती मिरवणुकीसाठी ठीक आहेत. नाटकात दिवा माणसाच्या हाती हवा.

त्यासाठी दिव्यावर डीएमएक्सची सोय आहे ना, हे पाहावे. ही नियंत्रणाची सर्वमान्य भाषा १९८६ मध्ये ठरली. एका तारेवरून ५१२ वाहिन्या जातात आणि प्रत्येक वाहिनीला ० ते २५५ यांपैकी एक मूल्य मिळते. सात वाहिन्यांच्या दिव्यात एक वाहिनी एकूण तेजाची, इतर एकेका रंगाच्या, झगमगाटाच्या इत्यादी. बाजारात मिळणारा १९२ वाहिन्यांचा छोटा नियंत्रक शाळेला पुरेसा आहे. तो प्रत्येकी १६ वाहिन्यांचे १२ दिवे धरून चालतो. म्हणून त्यावर पहिल्या दिव्याचा क्रमांक १, दुसऱ्याचा १७, तिसऱ्याचा ३३, चौथ्याचा ४९ असा ठेवायचा. दिव्याला सातच वाहिन्या आहेत म्हणून दुसऱ्याला ८ क्रमांक दिला की सरकपट्ट्या भलत्याच दिव्याला हलवू लागतात आणि दिवा बिघडला अशी समजूत होते. हौशी मंडळींच्या निम्म्या तक्रारी इथल्याच असतात, असा माझा अनुभव आहे.

तार एका दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळीने न्यावी, मध्येच फाटा फोडू नये. ध्वनिक्षेपकाची तार जोडता येते आणि थोड्या अंतरावर कामही करते, पण दिवे विनाकारण लुकलुकू लागले तर पहिला संशय तिच्यावर घ्यावा. साखळीच्या शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा रोध असलेली टोपी लावावी.

झगमगाटाविषयी एक सावधगिरी. वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही व्यक्तींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. शाळेच्या कार्यक्रमात तो शक्यतो टाळावा. वापरायचाच असेल तर आधी घोषणा करावी.

भाड्याने की विकत?

दिव्यांच्या किमतीला एका दिवसाच्या भाड्याने भागावे. आलेल्या संख्येइतके दिवस दिवे पुढल्या चार-पाच वर्षांत वापरले जाणार असतील, तर विकत घ्यावेत. तालमीचे दिवसही यात धरावेत, कारण भाड्याचे दिवे बहुधा प्रयोगाच्या दिवशीच दुपारी येतात आणि प्रकाशाची तालीम होतच नाही. वर्षाला एकच संमेलन करणाऱ्या शाळेचा हिशेब बहुधा भाड्याच्या बाजूने लागतो. तीन-चार शेजारच्या शाळा एकत्र आल्या, संमेलनाच्या तारखा वेगवेगळ्या ठेवल्या, तर तोच हिशेब उलटतो.

स्वाध्याय : तुम्हांला अभ्यासाला असलेल्या नाटकातील कोणताही एक प्रवेश निवडा. त्यातील रंगसूचना आणि पात्रांच्या वेशांचे व वस्तूंचे उल्लेखिलेले रंग वेगळे लिहून काढा. वर सांगितलेला २४ फुटी मंच, समोरून सहा पांढरे आणि मागून दोन रंग बदलणारे दिवे एवढ्याच सामग्रीत त्या प्रवेशाची प्रकाशयोजना आखा. कोणता रंग कोणत्या वाक्याला येतो, तो उतरायला किती सेकंद लागतात आणि त्यामुळे मंचावरील कोणती वस्तू दिसेनाशी होण्याचा धोका आहे, याची नोंद प्रत्येक बदलापुढे करा.