हायब्रीड मोटारीतील ध्वनियंत्रणेची दर्जोन्नती : विद्युत्-रचना, मर्यादा आणि सुरक्षितता

बीजसंज्ञा : हायब्रीड मोटार, साहाय्यक बॅटरी, डीसी-डीसी कन्व्हर्टर, अँप्लिफायर, उच्च विद्युत्-दाब

प्रस्तावना :

मोटारगाडीत संगीत ऐकण्याची सोय नवी नाही. १९३० मध्ये अमेरिकेत गॅल्विन यांच्या कंपनीने 'मोटोरोला' या नावाने मोटारीतील रेडिओ बाजारात आणला. पुढे कॅसेट आली, सीडी आली आणि आता भ्रमणध्वनीच गाडीच्या पडद्याला जोडला जातो. एवढ्या स्थित्यंतरातही गाडीची विद्युत्-रचना मात्र दीर्घकाळ स्थूलमानाने तीच राहिली. एक इंजिन, त्याच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर आणि इंजिन सुरू करून देणारी १२ व्होल्टची बॅटरी. गाडीत वरून अँप्लिफायर आणि सबवूफर बसवून देणारा कारागीर याच त्रिकुटावर आपली विद्या शिकला आहे. डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने जपानमध्ये 'प्रिअस' विक्रीस आणली आणि हे त्रिकूट मोडले.

भारतात २००८ मध्ये होंडा सिव्हिक हायब्रीड आणि २०१० मध्ये प्रिअस आली. परंतु किमतीमुळे त्या मोजक्याच रस्त्यांवर दिसल्या. २०२२ मध्ये होंडा सिटी, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड व्हिटारा आणि इनोव्हा हायक्रॉस या गाड्यांची पूर्ण हायब्रीड रूपे आली आणि हा प्रश्न आपल्या शहरांतील कार ॲक्सेसरीजच्या दुकानांपर्यंत पोहोचला. तेथे काम करणाऱ्या मुलांचे शिक्षण बहुधा उस्तादाच्या हाताखाली झालेले असते. त्या ज्ञानाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण ते ज्या गाडीवर मिळवले ती गाडी बदलली आहे, आणि नव्या गाडीत चुकीच्या जागी घातलेल्या स्क्रूची किंमत जळालेल्या फ्यूजइतकी स्वस्त नाही. प्रस्तुत लेखात दुसऱ्या पिढीची प्रिअस (२००३ ते २००९) नमुना म्हणून घेतली आहे. इंजिनाला केवळ हातभार लावणाऱ्या सौम्य हायब्रीड गाड्या या विवेचनात अभिप्रेत नाहीत.

दोन बॅटऱ्यांची गाडी :

प्रिअसमध्ये दोन बॅटऱ्या असतात, आणि सर्व गैरसमजांचे मूळ येथेच आहे. मोठी बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची असून तीत १.२ व्होल्टचे १६८ घट एकसरीत जोडलेले असतात. त्यामुळे तिचा दाब २०१.६ व्होल्ट होतो. गाडी चालवणाऱ्या मोटारीसाठी तो इन्व्हर्टरमध्ये ५०० व्होल्टपर्यंत वाढवला जातो. दुसरी १२ व्होल्टची साहाय्यक बॅटरी डिकीत उजव्या कोपऱ्यात असते. "एवढी मोठी बॅटरी आहे, मग स्पीकर कितीही लावा" असे ग्राहकाला सर्रास सांगितले जाते. वस्तुतः ध्वनियंत्रणेचा मोठ्या बॅटरीशी थेट संबंधच येत नाही. रेडिओ, दिवे, काचा, सर्व संगणक आणि विजेवर चालणारे स्टिअरिंग हे सारे १२ व्होल्टच्या बाजूला असते.

ही साहाय्यक बॅटरी नेहमीच्या गाडीतील बॅटरीपेक्षा लहान असते, कारण तिला इंजिन फिरवावे लागत नाही. ते काम मोठ्या बॅटरीवर चालणारे मोटार-जनित्र करते. साहाय्यक बॅटरीने फक्त संगणक जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले ओढायचे. मात्र तेवढेही तिला जमले नाही, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. समजा, साहाय्यक बॅटरीची क्षमता ३५ अँपिअर-तास आहे आणि गाडी 'रेडी' न करता, केवळ ॲक्सेसरी अवस्थेत, कोणी ८ अँपिअर खेचणारी यंत्रणा दोन तास ऐकली. १६ अँपिअर-तास, म्हणजे जवळजवळ निम्मी बॅटरी, तेथेच खर्च झाली. शिसे-आम्लाच्या बॅटरीला अशी खोल रिकामी होण्याची सवय मानवत नाही.

गाडी 'रेडी' अवस्थेत असताना चित्र पालटते. तेव्हा अल्टरनेटरचे काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. तो मोठ्या बॅटरीचा दाब उतरवून सुमारे १४ व्होल्टचा स्थिर पुरवठा करतो. अल्टरनेटरचे उत्पादन इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असल्याने सिग्नलला थांबलेल्या साध्या गाडीत दिवे आणि आवाज दोन्ही किंचित मंदावतात. कन्व्हर्टरला फेऱ्यांशी कर्तव्य नाही. इंजिन बंद असतानाही तो तेवढाच दाब देतो. या दृष्टीने हायब्रीड गाडी संगीतासाठी अधिक अनुकूल आहे, असे माझे मत आहे. तथापि कन्व्हर्टरची कमाल मर्यादा ठाम असते. ती ओलांडताच उरलेला प्रवाह लहान बॅटरीतून ओढला जातो आणि दाब खाली येतो. त्याच दाबावर स्टिअरिंग आणि ब्रेकचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण अवलंबून असते, हे विसरून चालणार नाही.

'रेडी' अवस्थेत उभ्या गाडीत गाणी ऐकत बसणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठी बॅटरी उतरू लागली की इंजिन आपोआप सुरू होते. बंद गॅरेजमध्ये हा प्रकार कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकतो.

'किती वॅट ?' :

दुकानात पहिला प्रश्न वॅटचा निघतो. खोक्यावरील मोठा आकडा बहुधा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. विचार करायचा तो सातत्याने मिळणाऱ्या, म्हणजे आरएमएस शक्तीचा. ४०० वॅट आरएमएस देणारा एबी वर्गाचा अँप्लिफायर ५० टक्के कार्यक्षमतेने चालला, तर ८०० वॅट घेईल, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ५८ अँपिअर. तेवढीच शक्ती देणारा डी वर्गाचा अँप्लिफायर ८५ टक्के कार्यक्षमतेने सुमारे ४७० वॅट, म्हणजे ३४ अँपिअर घेईल. हायब्रीड गाडीत डी वर्गच का निवडावा, याचे उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

शिवाय आपल्या कानांचे गणित निराळे आहे. शक्ती दुप्पट केली की पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते आणि आवाज 'दुप्पट' वाटण्यास साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ८९ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर निवडला, तर अँप्लिफायर दुप्पट केल्याचे फळ विजेचा एक वॅटही न वाढवता मिळते. विक्रेता हे क्वचितच सांगतो, कारण अँप्लिफायरच्या विक्रीत नफा अधिक.

आवाज घुमताना दिवे मिणमिणू लागले की एक फॅरडचा कपॅसिटर लावण्याचा सल्ला मिळतो. त्याचेही गणित करून पाहावे. १४ व्होल्टवरून १३ व्होल्टपर्यंत उतरताना तो १३.५ जूल ऊर्जा देतो. ४७० वॅट घेणाऱ्या अँप्लिफायरला ती सेकंदाच्या जेमतेम पस्तिसाव्या भागापुरती पुरते. ढोलाच्या एका थापेचा आरंभ त्यात सावरला जाईल. थाप संपेपर्यंतही तो पुरेल असे नाही.

इंधनाचे काय, असा प्रश्न हायब्रीडच्या मालकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याने जादा पैसे त्यासाठीच मोजलेले असतात. संगीतातील सरासरी शक्ती कमाल शक्तीच्या साधारण दशांश धरली आणि अँप्लिफायरचा स्वतःचा खर्च मिळवला, तर वरील यंत्रणा सरासरी ८० वॅटच्या आसपास घेईल. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. इंजिन व रूपांतरातील तोटा वजा जाता त्यातील सुमारे २.३ किलोवॅट-तास वीज हाती येते असे मानू. तासाला सुमारे ३५ मिलिलिटर पेट्रोल संगीतासाठी जळेल. ताशी ४० किलोमीटर वेगाने, लिटरला २० किलोमीटर धावणारी गाडी त्याच तासात दोन लिटर पिते. म्हणजे हा भार दोन टक्क्यांहूनही कमी. सबवूफरच्या लाकडी पेटीचे २५ किलो वजन कायम वाहून नेण्याचा भार यात धरलेला नाही.

तारा आणि कुरकुर :

डिकीतील बॅटरी हे प्रिअसचे वरदान म्हणावे लागेल. बॉनेटखालून डिकीपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची पाच मीटर तांब्याची तार ओढली, तर ३४ अँपिअरला सुमारे ०.१८ व्होल्ट तारेतच खर्च होतात. सव्वा मीटरमध्ये त्याच्या चौथा हिस्सा. सर्वच हायब्रीड गाड्यांत बॅटरी डिकीत नसते, म्हणून ती कोठे आहे हे आधी पाहावे. फ्यूज मात्र कोठेही बॅटरीच्या धन टोकाजवळच हवा. अँप्लिफायरजवळ लावलेला फ्यूज मधल्या तारेचे रक्षण करत नाही. ऋण टोकावर प्रवाह मोजणारा संवेदक असलेल्या गाडीत अँप्लिफायरची ऋण तार त्या टोकाला न जोडता गाडीच्या सांगाड्याला जोडावी. अन्यथा तेवढा प्रवाह संवेदकाला दिसत नाही आणि बॅटरीचा हिशेब चुकतो.

इंजिन बंद असताना गाडीत जी शांतता असते, तीत पूर्वी लपून राहणारी कुरकुर ऐकू येऊ लागते. इन्व्हर्टर आणि कन्व्हर्टर वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात आणि तिचे पडसाद मध्यम लहरींच्या रेडिओपर्यंत पोहोचतात. आकाशवाणीची मध्यम लहरींवरील केंद्रे ऐकणाऱ्यांना याचा त्रास एफएमच्या श्रोत्यांपेक्षा अधिक होतो. उपाय जुनेच आहेत : संदेशवाहक तारा वीजवाहक तारांपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या अंगाने न्याव्यात आणि सर्व उपकरणांचा भूसंपर्क एकाच जागी घ्यावा.

नारिंगी तारा :

उच्च दाबाच्या तारांना नारिंगी आवरण असते, हे प्रत्येक कारागिराला ठाऊक हवे. प्रिअसमध्ये त्या मागील बॅटरीपासून तळाखालून पुढच्या इन्व्हर्टरकडे जातात. पेटी घट्ट बसवण्यासाठी तळात ड्रिल मारण्याची सवय येथे प्राणघातक ठरू शकते. १२ व्होल्टची ऋण बाजू सांगाड्याला जोडलेली असते; उच्च दाबाचे मंडल मात्र हेतुपुरस्सर सांगाड्यापासून अलिप्त ठेवलेले असते आणि ही अलिप्तता भंगली की गाडीचा संगणक दोष नोंदवतो. स्क्रूने आवरण छेदले, तर ही व्यवस्थाच कोलमडते. १२ व्होल्टवर काम करणाऱ्याला विजेचा धक्का बसत नाही. म्हणूनच त्याच्या हाताला भीतीची सवय नसते.

दुसरा धोका असा की तो दिसत नाही. मोठी बॅटरी गाडीच्या आतील हवेने थंड केली जाते आणि त्या हवेची जाळी मागील आसनाशेजारी असते. सबवूफरची पेटी, गालिचा अथवा आवाज शोषणारा फोम तिच्यावर आला की बॅटरी तापते व तिचे आयुष्य घटते. हमीच्या वेळी कंपनी पहिला प्रश्न विचारते तो अशाच बदलांविषयी.

कामाचा क्रम :

मूळ रेडिओ काढून नवा बसवण्याचा मोह या गाडीत आवरावा. प्रिअसमध्ये वातानुकूलनाची बटणे आणि ऊर्जाप्रवाहाचे चित्र ज्या स्पर्शपडद्यावर असते, तोच ध्वनियंत्रणेशीही बांधलेला आहे. मूळ संच तसाच ठेवून त्याच्या स्पीकरच्या तारांतून संदेश घ्यावा आणि तो स्वतंत्र प्रोसेसरमार्फत अँप्लिफायरला द्यावा. त्याआधी दारांच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलचे तक्ते चिकटवावेत. इंजिन थांबले की चाकांचा आवाज पुढे येतो, आणि तो कमी झाला की थोड्या आवाजातही तानपुऱ्याची जवारी स्पष्ट होते. मग संवेदनशील स्पीकर, आणि त्यानंतरही उणीव वाटली तरच डी वर्गाचा लहान अँप्लिफायर.

काम पूर्ण झाल्यावर गाडी 'रेडी' करून वातानुकूलन, पुढचे दिवे आणि मागची काच तापवणारी तार असे सारे चालू करावे, नेहमीच्या सर्वांत मोठ्या आवाजात गाणे लावावे आणि अँप्लिफायरच्या टोकांवर व्होल्टमापक धरावा. काटा १३ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर अँप्लिफायरचा गेन तेथपर्यंत उतरवावा, जेथे तो घसरणे थांबते.