छोटा हत्ती घ्यायचा की मोठी पिकअप? महालातल्या गल्लीत उभं राहून हिशोब केला तर उत्तर सापडतं

गणपतीच्या आदल्या दिवशी महालातल्या चितार ओळीत जाऊन बघा. मूर्ती न्यायला आलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते. त्यात छोटा हत्ती अलगद आत शिरतो, मूर्ती चढवतो आणि निघतो. मागची मोठी पिकअप मात्र वळणावर अडकते. ड्रायव्हर आरसा मिटतो, क्लीनर खाली उतरून ओरडतो, "येऊ दे, येऊ दे, बस बस!" आणि मागे हॉर्न सुरू होतात.

आता तिथून थेट कळमन्याच्या मार्केटात या. इथं तीच मोठी पिकअप संत्र्याचे क्रेट भरून एका फेरीत मोकळी होते आणि छोट्या हत्तीला पुन्हा यावं लागतं.

म्हणजे दोन्ही गाड्या बरोबर आहेत आणि दोन्ही चूकही आहेत. पण गाडी घेणाऱ्या पोराला त्यातली एकच परवडते, तीही कर्ज काढून. निवड चुकली तर पुढची चार वर्षं हप्ता फेडण्यात जातात. म्हणूनच शोरूममध्ये जायच्या आधी घरी बसून काय बघायचं, ते समजून घेऊ.

आधी हे सांगा, छोटी कोणती आणि मोठी कोणती?

अमेरिकेत हाच वाद 'फुल साइज' आणि 'मिड साइज' असा चालतो. तिथं फुल साइज म्हणजे फोर्ड एफ-१५० सारखी गाडी, जी दोन मीटरपेक्षा रुंद असते. मिड साइज म्हणजे टोयोटा टकोमासारखी. आपल्याकडे २०२२ साली आलेली टोयोटा हायलक्स याच मधल्या गटातली, पण तीसुद्धा ५.३ मीटर लांब आहे आणि महागही. ती हौशी माणसाची गाडी. भाडं मारायला कोणी हायलक्स घेत नाही.

आपल्याकडचा खरा सामना वेगळा आहे. एका बाजूला टाटा एस, म्हणजेच छोटा हत्ती, आणि त्याच्या जोडीला महिंद्रा जीतो, मारुती सुपर कॅरी. दुसऱ्या बाजूला बोलेरो पिकअप, अशोक लेलँड दोस्त, टाटा इंट्राची मोठी मॉडेल्स आणि टाटा योद्धा.

टाटा एस मे २००५ मध्ये बाजारात आली. त्याआधी थोडा माल न्यायचा तर तीनचाकी टेम्पो किंवा मग एकदम मोठी गाडी, मधलं काही नव्हतं. टाटांनी दोन सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन बसवून पाऊण टन माल वाहणारी चारचाकी काढली. तिच्यावर स्वतःचा धंदा उभा करणारी एक पिढीच तयार झाली.

महालात रुंदी का महत्त्वाची?

महाल ही भोसल्यांच्या काळातली वस्ती. इथले रस्ते पालख्या, घोडे आणि बैलगाड्यांच्या हिशोबानं पडले. केळीबाग रोड किंवा बडकस चौकापर्यंत कुठलीही गाडी येते. खरी परीक्षा तिथून आतल्या गल्लीत वळल्यावर सुरू होते. दोन्ही बाजूंना दुचाक्या, मधे भाजीची हातगाडी आणि समोरून ई-रिक्षा.

छोटा हत्ती साधारण ३.८ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असतो. मोठी पिकअप पाच मीटरच्या आसपास लांब आणि साधारण १.७ मीटर रुंद. रुंदीतला फरक जेमतेम वीतभर, पण गल्लीत तेवढ्यावरच सगळं अडतं. लांबीमुळे वळणही मोठं लागतं.

यावर उपाय सोपा आहे. टेप घ्या आणि तुमच्या नेहमीच्या तीन ठिकाणची सगळ्यात अरुंद जागा मोजा. माल उतरवताना गाडी उभी असेल तर बाजूनं दुचाकी जाईल का, तेही बघा. जात नसेल तर गाडी चौकात लावून हमालाकडून माल आत न्यावा लागेल. तो खर्च रोजचा आहे.

माल जड आहे की फुगीर?

इथं बहुतेक लोक चुकतात.

सिमेंटची एक गोणी ५० किलोची. पाऊण टनाच्या गाडीत १५ गोण्या झाल्या की क्षमता संपली, हौदा मात्र अर्ध्याहून अधिक रिकामा दिसतो. मग मोह होतो, "अजून पाच टाका ना भाऊ!" १.३ टनाच्या पिकअपमध्ये त्याच गोण्या २६ बसतात.

याउलट गाद्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, मंडपाचं सामान. वजन किरकोळ, पण जागा भरपूर लागते. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फुटांचा, मोठ्या पिकअपचा आठ ते दहा फुटांचा. इथं तुम्ही मोठी गाडी घेता ती लांबीसाठी, टनासाठी नाही.

म्हणून आधी ठरवा की तुमच्या मालानं गाडी आधी वजनानं भरते की जागेनं.

कागदावरचा ३,००० चा आकडा

आरसी बुकवर 'एकूण वजन' लिहिलेलं असतं. एकूण वजन म्हणजे रिकामी गाडी, माल आणि माणसं मिळून जास्तीत जास्त किती, तो आकडा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती यात आरामात बसतो. पण मोठ्या पिकअपमध्ये एकाच नावाखाली १.३ टनापासून २ टनांपर्यंतची मॉडेल्स असतात. काही ३,००० च्या आत राहतात, काही पुढे जातात. सेल्समन "थोडे पैसे टाका, दोन टनांची घ्या" म्हणाला की लगेच हो म्हणू नका. आधी एकूण वजन विचारा, परमिटचा खर्च आणि धावपळ धरा, मग ठरवा. फिटनेस, विमा, पीयूसी आणि टॅक्स मात्र दोन्हीकडे लागतोच.

लायसन्सची चिंता आता मिटली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो. छोटी आणि मोठी पिकअप दोन्ही त्यात येतात.

टोल मात्र बघून घ्या. फास्टॅगमध्ये टाटा एस आणि तशा मिनी गाड्या कार-जीपच्या दरात धरल्या जातात, तर हलकी व्यावसायिक वाहनं पुढच्या गटात जातात आणि त्यांचा दर जास्त असतो. बुटीबोरी किंवा अमरावतीकडे रोज फेऱ्या असतील तर घेणार ती गाडी कुठल्या गटात येते, हे आधीच विचारा.

हप्त्याचा हिशोब

समजा, छोट्या गाडीसाठी ४ लाखांचं कर्ज आणि मोठीसाठी ८ लाखांचं. व्याज ११ टक्के, मुदत चार वर्षं.

छोटीचा हप्ता साधारण १०,३०० रुपये, मोठीचा २०,७००. महिन्याचे २५ दिवस काम मिळालं तर छोटीला रोज ४१० रुपये हप्त्यासाठी बाजूला काढावे लागतात, मोठीला ८३०.

म्हणजे मोठी गाडी रोज किमान ४२० रुपये जास्त कमवत असेल तरच बरोबरी होते. यात जास्तीचं डिझेल, टायर आणि विमा अजून धरलेला नाही.

आता बाकीचं गणित करा. रोज दोन टन माल हलवायचा असेल तर छोट्या हत्तीच्या तीन फेऱ्या होतात, १.३ टनाच्या पिकअपच्या दोन. वाचलेल्या एका फेरीचं डिझेल आणि वेळ यातून वरचे पैसे निघतात का? कळमना ते महाल या अंतरात कदाचित नाही निघणार. पण काटोलहून संत्रा आणायचा असेल तर एक फेरी वाचणं म्हणजे अर्धा दिवस वाचणं.

आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. कोटेशनमध्ये १८ टक्केच लावलाय ना, ते तपासा.

"छोटीच घेतो, माल जास्त भरतो" हा विचार महागात पडतो

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार आहे. माल हौद्याबाहेर नियमापेक्षा जास्त आला तरी २० हजार. म्हणजे छोट्या गाडीचे दोन हप्ते एका दिवसात गेले.

दंड चुकला तरी ब्रेक, पाटे आणि टायर यांच्यावरचा ताण चुकत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी ओव्हरलोडचा मुद्दा काढते. लग्नाची वऱ्हाडी मंडळी किंवा विसर्जनाची पोरं हौद्यात बसवण्याचंही तसंच. मालवाहू गाडी माणसांसाठी नाही, आणि भरपाई मालकाच्या गळ्यात पडू शकते.

मग घ्यायची कोणती?

महाल, इतवारी, गांधीबाग यांच्या गल्लीबोळात पोहोच, फेऱ्या जास्त आणि माल पाऊण टनाच्या आत असेल तर छोटा हत्ती.

गावाबाहेरच्या लांब फेऱ्या, बांधकामाचा जड माल किंवा मंडपाचं लांब सामान असेल तर मोठी पिकअप, आणि शक्यतो एकूण वजन ३,००० च्या आतलं मॉडेल.

दोन्ही कामं थोडी थोडी असतील तर महिनाभर एक वही ठेवा. रोज किती माल होता, किती फेऱ्या झाल्या, कुठं अडकलो, एवढंच लिहा. महिन्यातून तीन-चार दिवसच जड माल निघत असेल तर त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्यानं घ्या. तीन दिवसांच्या कामासाठी तीस दिवसांचा हप्ता भरू नका.

तुमच्या ओळखीत कोणी गाडी घ्यायच्या विचारात असेल तर त्याला शोरूमला जायच्या आधी हे पाठवा. आणि हो, टेप सोबत न्यायला सांगा.