जुन्या मोटारसायकलच्या केबलची निगा

कोलकात्यातील मल्लिक बाजार जुन्या वाहनांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. येझदी, राजदूत यांसारख्या गाड्या जपणारे तेथे भाग शोधतात. येझदीचे उत्पादन 1996 मध्ये थांबले. त्यामुळे आहे तो भाग टिकवणे हेच शहाणपणाचे ठरते. त्या शहरातील जून ते सप्टेंबरचा पाऊस, तुंबणारे पाणी आणि दमट हवा केबलला गंजवते. कोकणातही हीच स्थिती असते, तर मराठवाडा-विदर्भात पाण्याच्या जोडीला धूळ येते.

हा विषय पीक संरक्षणाशीही निगडित आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा 8 पतंग आढळल्यास गुलाबी बोंडअळीच्या नियंत्रणाचा निर्णय घ्यावा लागतो. नेमकी त्याच वेळी आडरस्त्यावर क्लच केबल तुटली, तर निरीक्षणाचा मोलाचा दिवस वाया जातो. ॲक्सिलरेटरची केबल अडकली, तर जिवावरच बेतते.

केबलमध्ये बारीक पोलादी तारांचा पीळ एका वेष्टनातून सरकतो. वरच्या टोकातून शिरलेले पाणी आत साचते; गंज व धूळ यांमुळे तार घासते आणि निपलजवळ एकेक धागा तुटू लागतो.

निगा राखण्याची पद्धत सोपी आहे. केबलची दोन्ही टोके सोडवावीत, म्हणजे मळीचे तेल कार्ब्युरेटरमध्ये किंवा ब्रेक ड्रममध्ये उतरत नाही. वरच्या टोकाभोवती प्लॅस्टिकची पिशवी नरसाळ्यासारखी घट्ट बांधून तीत शिवणयंत्राचे पातळ तेल ओतावे. तार पुढे-मागे हलवत राहावे. खालून स्वच्छ तेल ठिबकू लागले, की काम झाले. निपलला ग्रीसचे बोट लावावे. जळालेले इंजिन ऑइल वापरू नये. त्यातील काजळी व धातूचे कण झीज वाढवतात. आत नायलॉनचे अस्तर असलेल्या केबलबाबत मात्र उत्पादकाची सूचनाच पाळावी.

जोडणीनंतर क्लचच्या दांड्याला माहितीपुस्तिकेनुसार मोकळी हालचाल ठेवावी. अनेक गाड्यांत ती टोकाशी 10 ते 20 मिमी असते. इंजिन बंद असताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर सोडताच मूठ झटकन परत येते का, ते पाहावे. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल फिरवावे. इंजिनाचा वेग वाढल्यास केबल ताणली जात आहे, असे समजून तिची मांडणी सुधारावी.

तारेचा एकही धागा तुटलेला दिसल्यास तेल घालून वेळ मारून नेऊ नये; केबल बदलावी. पाठीवरच्या इंजिनचलित फवारणी पंपाच्या ॲक्सिलरेटर केबललाही हेच नियम लागू पडतात. ही तपासणी मृगापूर्वी एकदा करावी आणि खंडेनवमीला अवजारे पुजताना पुन्हा एकदा करावी.